टाकी नंबर सातवरची सही

१

टाकी नंबर सातचं पाणी पिऊन एकसष्ट जणांनी अंथरूण धरलं. त्यातली नऊ वर्षांची एक मुलगी अजून दवाखान्यात होती. आणि त्या पाण्याला 'पिण्यास योग्य' अशी मंजुरी देणारं नाव निघालं वहिनीचं. शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं रसायनतज्ज्ञ म्हणून राबलेल्या बाईला एका दुपारी निलंबनाचा कागद हातात देऊन घरी पाठवलं. त्याला आता अकरा दिवस झाले होते. उद्या दुपारी तीनला चौकशी समितीसमोर शेवटची सुनावणी होती.

नणंद पोचली ती भांडणाच्या मध्यावर.

"सही करून टाक ना," दादा म्हणत होता. दादा म्हणजे नणंदेचा सख्खा भाऊ आणि वहिनीचा नवरा. माणूस सरळ, पण वारं सुटलं की आधी खिडक्या लावून घेणारा. "'अनवधानाने मंजुरी दिली', एवढंच लिहायचंय. बदलीवर भागेल. नाही लिहिलंस तर कायमचं घरी बसवतील. लोक काय, चार दिवस बोलतील आणि विसरतील."

"आणि मी? मी विसरेन?" वहिनी म्हणाली. "अहो, जे केलंच नाही ते केलं म्हणून लिहून देऊ? हात तोडून देईन, पण त्या हाताची सही देणार नाही."

नणंदेनं पिशवी दारातच ठेवली. "दादा, तू चहा टाक. वहिनी, तू तो अहवाल दाखव."

"आल्या का वन्सं," वहिनी म्हणाली. ती तिला वन्सं म्हणायची ते फक्त चिडवायला. एरवी दोघींचं अरेतुरे होतं. "बोलावणं धाडलं नव्हतं, तरी आल्या."

नणंदेचा धंदाच तो होता. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम चालवून बघायचे आणि ते कुठे अडखळतात ते शोधायचं, याचा तिला पगार मिळायचा. माहेरी सगळे म्हणत, हिला निवडलेल्या तांदळातही खडा सापडतो. तिनं अहवालाचं शेवटचं पान उघडलं. तिथे चार फोटो होते, काचेच्या गोल बशांचे, आणि चारही बशा डागांनी भरलेल्या.

"हे डाग म्हणजे जंतू?"

"जंतूंची अख्खी वस्ती. हे पाणी जनावरालाही पाजू नये."

"आणि त्याच्याच खाली 'योग्य', आणि नाव तुझं."

"समितीचं म्हणणं तेच. फोटो डोळ्यांसमोर असून बाईनं बघितले नाहीत."

"थांब. हे फोटो लावतं कोण?"

"ज्याची मंजुरी, तोच. बटण दाबताना सोबत जोडायचे असतात."

"म्हणजे ज्यानं फोटो लावले त्यानंच मंजुरी दिली."

"हो." वहिनी बोलता बोलता थांबली. मग सावकाश म्हणाली, "पण माझ्या टेबलावर कॅमेराच नाही गं."

२

कॅमेरा होता एकाच टेबलावर, चष्मेवाल्यांच्या. प्रयोगशाळेत मंजुरीचा अधिकार दोघांनाच: पाण्यातले क्षार आणि रसायनं वहिनी बघायची, जंतू चष्मेवाले बघायचे. दोन खोल्या, दोन संगणक, आणि दोघांचे अहवाल एकाच वेबसाइटवर.

"त्या दिवशी नेमकं काय घडलं ते सांग," नणंद म्हणाली. "तुला जे साधं वाटतंय तेही सांग."

"साधंच आहे. बारा सत्तावन्नला साहेब मधल्या दारात येऊन उभे राहतात. हातात यादी. दोन्ही खोल्या दिसतात तिथून. यादीवर नजर टाकतात आणि म्हणतात, 'चालू द्या'. मग आम्ही दोघं मंजुरीची बटणं दाबतो. एकला अहवाल वर जातात."

"रोज?"

"रोज. पूर्वी ज्याचं जेव्हा उरकेल तेव्हा तो दाबायचा. एकदा कुणीतरी मंजुरी दिलेला अहवाल मागाहून फिरवला, बोभाटा झाला, तेव्हापासून साहेबांनी नियम केला. मंजुरी त्यांच्या डोळ्यांदेखत आणि एकाच वेळी. शिस्तीचा माणूस."

"त्या दिवशी तू पहिलं बटण कशाचं दाबलंस?"

"विहीर नंबर तीन. पाणी चांगलं होतं. योग्य. ते मला लख्ख आठवतंय. टाकी सात माझ्या यादीतच नव्हती."

"एक मंजुरी द्यायला वेळ किती लागतो?"

"अहवाल शेवटपर्यंत खाली सरकवल्याशिवाय बटण उघडतच नाही. कितीही घाई केली तरी वीस सेकंद."

दादा चहाचे कप घेऊन आला होता, तो तिथेच टेकला. नणंदेनं समितीनं दिलेल्या कागदांतून त्या दिवसाची नोंद काढली आणि बोट ठेवलं. विहीर नंबर तीन, योग्य, वहिनीचं नाव, बारा अठ्ठावन्न आणि चौदा सेकंद. त्याखालचीच ओळ टाकी नंबर सात, योग्य, वहिनीचं नाव, बारा अठ्ठावन्न आणि सोळा सेकंद.

"दोन सेकंदांत दोन अहवाल," नणंद म्हणाली. "वहिनी, तुला दहा हात आहेत का गं?"

दादानं कागद हातात घेतला, दोनदा वाचला, आणि त्यानंतर सहीचं नाव काढलं नाही.

३

चष्मेवाले जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेमागच्या बाकावर एकटेच बसायचे. निवृत्तीला चार महिने राहिलेले, चष्म्याच्या काचा बाटलीच्या तळासारख्या, आणि स्वभाव असा की मुंगीलाही वाट करून देतील. नणंदेला बघून ते अर्धवट उठले आणि परत बसले.

"काका, त्या दिवशी तुम्ही किती नमुने तपासलेत?"

"असतील चार-पाच."

"नोंदीत तुमच्या नावावर चार आहेत. पाचवा कुठला?"

"चारच असतील मग." त्यांनी डबा झाकला. मांडीवर एक निळी वही होती, कामाची. तीही त्यांनी उलटी करून ठेवली.

"टाकी सातच्या बशांचे फोटो तुमच्याच कॅमेऱ्यातले ना?"

"कॅमेरा काय, खोली उघडी असते."

"म्हणजे वहिनी आपली खोली सोडून तुमच्या खोलीत आली, तुम्ही बसलेले असताना तुमच्या कॅमेऱ्यातले फोटो घेतले, आणि दोन सेकंदांत परत जागेवर जाऊन बसली? साहेब मधल्या दारात उभे असताना?"

काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला, परत काढला.

"काका, वहिनीनं तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द काढलेला नाही. मीही काढत नाही. मी फक्त विचारतेय."

"तुझी वहिनी चांगली आहे," ते म्हणाले. "फार चांगली आहे. पण मला यात ओढू नकोस, पोरी. मी काही बघितलं नाही."

ते उठले आणि वही छातीशी धरून चालू लागले. हा माणूस लबाड नाही, हे नणंदेला स्पष्ट दिसत होतं. घाबरलेला होता, आणि तिला वाटलं, त्याला भीती तिची नव्हतीच. मग कुणाची?

४

प्रोग्राम सांभाळणाऱ्याला सगळे 'ओके' म्हणत, कारण वाट्टेल ते विचारा, त्याचं उत्तर तेवढंच. दोन पडद्यांसमोर पाय पसरून बसलेला होता. अंगात मस्ती होती, पण कामात हुशार होता, हे नणंदेनं पहिल्या पाच मिनिटांत कबूल केलं.

"यंत्र खोटं बोलत नाही, ताई," तो म्हणाला. "नाव आलंय म्हणजे आलंय."

"दोन सेकंदांत दोन मंजुऱ्या?"

"चुकून दोनदा दाबलं असेल."

"दोन वेगवेगळ्या नमुन्यांवर? आपण चुकून दोनदा बेल वाजवतो. दोन घरांची नाही वाजवत."

तो हसला. नणंदेनंही हसून घेतलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "वेबसाइट छान पळते हं तुमची. वहिनी म्हणायची, पूर्वी रडायची नुसती."

ओके खुलला. आपल्या कामाचं कौतुक कुणाला नको असतं? "मीच पळवली. दीड महिना झाला. पूर्वी आत एकच कारकून बसलाय असं समजा. एकाचं काम होईपर्यंत दुसरा ताटकळत उभा. मी आत आठ कारकून बसवले. आमच्या भाषेत थ्रेड. आता आठ जणांची कामं एका वेळी होतात."

"वा. आणि आत्ता समोर कोण आलंय, त्याचं नाव काय, त्यानं योग्य म्हटलं की अयोग्य, हे ते आठ जण कुठे टिपून ठेवतात?"

"कुठे म्हणजे?"

"एकच कारकून होता तेव्हा एके ठिकाणी टिपत असेल. आता आठ आहेत. प्रत्येकाला वेगळी जागा दिलीत, की जागा तीच?"

ओकेचे पसरलेले पाय आत आले. त्यानं एका पडद्यावर काहीतरी उघडलं, वाचलं, आणि झटकन बंद केलं.

"हे सगळं ऑफिसचं आहे, ताई," तो म्हणाला. "तुम्हाला दाखवता येणार नाही. तुम्ही निघा आता."

नणंद निघाली. उत्तर तिला मिळालं होतं. ते दाखवायचं कसं, ते मात्र कळत नव्हतं. समितीला तिनं कारकुनांची गोष्ट सांगितली असती तर समितीनं तिला गोष्टीचं बक्षीस देऊन घरी पाठवलं असतं.

५

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. मध्यभागी समितीच्या अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या डाव्या हाताला साहेब. चष्मेवाले आणि ओके साक्षीला म्हणून भिंतीकडे बसलेले, दादा सगळ्यांच्या मागे. कबुलीजबाबाचा कागद वहिनीच्या पुढ्यात सरकवलेला होता, त्यावर पेनही होतं.

"मी सही करणार नाही," वहिनी उभं राहून म्हणाली. "तुम्ही काढून टाका मला. पण मी केलं नाही ते केलं म्हणणार नाही. माझ्या बाजूनं माझी नणंद बोलेल."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, मी तुमच्या भल्यासाठी हे सगळं मिळमिळीत शब्दांत लिहून आणलं होतं."

"तुमचे उपकार आहेत. ते शब्द तुमच्याकडेच ठेवा."

नणंद पुढे झाली. "मॅडम, एक ऑफिस समजा. आत आठ कारकून, आणि भिंतीवर पाटी एकच. कुणी माणूस आला की कारकून पाटीवर लिहितो: कोण आलंय आणि त्याचा निकाल काय. मग फोटो वगैरे असतील तर ते आतल्या कपाटात लावून येतो. आणि शेवटी पाटीवर बघून अहवालावर उतरवतो."

"मग?"

"बारा अठ्ठावन्नला साहेब म्हणाले, 'चालू द्या'. चष्मेवाले काकांनी टाकी सातचं बटण दाबलं, अयोग्य. त्यांच्या कारकुनानं पाटीवर लिहिलं, 'काका, अयोग्य', आणि चार मोठे फोटो घेऊन तो आत गेला. त्याला दोन सेकंद लागले. तेवढ्यात वहिनीनं विहिरीचं बटण दाबलं. तिच्या कारकुनानं तीच पाटी पुसली आणि लिहिलं, 'वहिनी, योग्य'. तिचे फोटो नव्हते, तिचं काम तिथल्या तिथे झालं. मग काकांचा कारकून बाहेर आला, त्यानं पाटी बघितली, आणि टाकी सातच्या अहवालावर उतरवलं, 'वहिनी, योग्य'. म्हणून विहीर चौदा सेकंदांवर आहे आणि टाकी सोळा. म्हणून योग्य म्हटलेल्या पाण्याला डागांचे फोटो आहेत. आणि म्हणून काकांच्या पाच नमुन्यांतला एक नोंदीतून गायब आहे."

"दीड महिन्यापूर्वीपर्यंत आत कारकून एकच होता," तिनं पुढे म्हटलं, "तेव्हा एक पाटी पुरायची. कारकून वाढवले, पाट्या वाढवल्या नाहीत."

"कल्पना रंजक आहे," साहेब म्हणाले. "पुरावा?"

"वहिनीनं काल रात्री सांगितलं, नवीन लोकांना शिकवायला तुमच्याकडे वेबसाइटची एक सरावाची प्रत आहे. प्रोग्राम तोच. ती इथे उघडा. एका संगणकावर मॅडम बसतील, दुसऱ्यावर साहेब."

ओके उठला. "असं करता येत नाही."

"का?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "यंत्र खोटं बोलत नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. मग बघू दे की."

६

दोन संगणक लागले. अध्यक्षबाईंना चांगल्या पाण्याचा अहवाल, साहेबांना खराब पाण्याचा.

"चालू द्या," नणंद म्हणाली.

दोघांनी बटण दाबलं. दोन्ही अहवाल चोख आले. साहेबांच्या अहवालावर साहेब, अयोग्य. मॅडमच्या अहवालावर मॅडम, योग्य.

पुन्हा केलं. पुन्हा चोख. दादा मागच्या खुर्चीत पुढे सरकला. वहिनी पेनाकडे बघत होती.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले.

नणंदेला पुढचं दिसत होतं. आपलं चुकलं असेल तर उद्यापासून वहिनीचं नाव पुसलं जाणार, आणि त्याला हातभार आपलाच. मग तिनं साहेबांचा अहवाल शेवटपर्यंत खाली सरकवला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"यात फोटोच नाहीत," ती म्हणाली. "सरावाच्या अहवालाला फोटो लावतच नाहीत. कारकून आत जातोय कुठे? ओके, टाकी सातचे खरे चार फोटो जोडा. मोठेच्या मोठे."

ओकेनं जोडले.

"साहेब, तुम्ही आधी. मॅडम, लगेच मागोमाग. चालू द्या."

या वेळी साहेबांचा पडदा जरा रेंगाळला. मग अहवाल आला. डागांनी भरलेल्या बशांचे चार फोटो, खाली 'पिण्यास योग्य', आणि मंजुरी देणाऱ्याच्या जागी अध्यक्षबाईंचं नाव.

अध्यक्षबाई वाकून बघत राहिल्या. "हे मी केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी या नमुन्याला हातही लावलेला नाही."

"मी बारा दिवस हेच सांगतेय, मॅडम," वहिनी म्हणाली.

मग भिंतीकडची खुर्ची करकरली. चष्मेवाले उठून टेबलापाशी आले आणि त्यांनी निळी वही उघडून ठेवली. त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: टाकी सात, चारही बशांत वाढ, अयोग्य.

"मी अयोग्यच दाबलं होतं," ते म्हणाले. "पण नोंदीत योग्य दिसलं, तेव्हा वाटलं, आपले डोळे गेले, आपणच चुकीचं बटण दाबलं. नाव तुझं कसं आलं ते मला कळेना. आणि खरं सांगतो, मी विचारलंही नाही. चार महिने राहिलेत."

"काका," वहिनी म्हणाली, "तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. पण तोंडाला काय झालं होतं? ही वही पहिल्या दिवशी आणली असतीत, तर मी पाया पडले असते तुमच्या. आज नाही पडणार."

अध्यक्षबाईंनी ओकेकडे बघितलं. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"महिन्यापूर्वी एक तक्रार आली होती," ओके म्हणाला. "एकाच्या अहवालावर दुसऱ्याचं नाव. मी करून बघितलं, तसं झालं नाही. 'पुन्हा घडलं नाही' असं लिहून तक्रार बंद केली. काल ताईंनी विचारल्यावर पुन्हा बघितलं. पाटी एकच आहे."

७

अध्यक्षबाईंनी कबुलीजबाबाचा कागद उचलून उभा फाडला. साहेब म्हणाले, की निलंबन मागे घेण्याचा प्रस्ताव ते सोमवारी वर पाठवतील, रीतसर. दादा उठून वहिनीजवळ गेला आणि तिची पर्स धरून उभा राहिला.

वहिनीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती ओकेसमोर जाऊन उभी राहिली.

"आठ कारकून बसवून किती दिवस झाले म्हणालास?"

"दीड महिना."

"आणि बारा अठ्ठावन्नला आम्ही दोघं रोज एकदम दाबतो. दीड महिना, रोज." तिनं खुर्ची ओढली. "काढ नोंदी. एकाच नावावर वीस सेकंदांच्या आत दोन मंजुऱ्या, असं जिथे जिथे दिसेल ते सगळं काढ."

ओकेनं काढलं. यादी पडद्यावर आली तशी नणंद पडद्याजवळ सरकली. तिला सुद्धा हे सुचलं नव्हतं. वहिनीचं नाव सोडवायच्या नादात तिनं टाकी सातच्या पलीकडे बघितलंच नव्हतं. टाकी सात सोडून आणखी नऊ जोड्या होत्या. सात टाक्या आणि दोन विहिरी. नऊच्या नऊ 'योग्य', आणि नऊच्या नऊ अहवालांना बशांचे फोटो. काकांनी जवळ येऊन एकेक फोटो बघितला आणि पाच ठिकाणी बोट ठेवलं. "हे नाही. हेही नाही. हे मी अयोग्य म्हटलं होतं. उरलेल्या चारांचं नुसत्या फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही."

"हे पाणी आत्ता चालू आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"चालू आहे," वहिनी म्हणाली. "लोक पितायत."

"सोमवारी बैठक लावतो," साहेब म्हणाले. "सगळे नमुने फेरतपासणीला घेऊ. घाईघाईत नऊ ठिकाणचं पाणी तोडलं तर लोक ऑफिसवर चालून येतील. जबाबदारी कोण घेणार?"

वहिनीनं टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला आणि पंपघराचा नंबर फिरवला. अठरा वर्षांत तो तिला पाठ झाला होता.

"ठेवा तो फोन," साहेब म्हणाले. "तुमचं निलंबन अजून उठलेलं नाही. पाणी बंद करायचा आदेश देण्याचा तुम्हाला अधिकार नाही."

"पंपघर? प्रयोगशाळेतून बोलतेय. नऊ ठिकाणचं पाणी लगेच बंद करायचंय. नंबर लिहून घ्या."

पलीकडच्या माणसाचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला. "आदेश कुणाच्या नावावर लिहू, बाई?"

साहेब उठून उभे राहिले होते. वहिनीनं त्यांच्याकडे बघितलं आणि नजर हटवली नाही.

"माझ्या नावावर लिहा," ती म्हणाली. "पुढे 'निलंबित' असंही लिहा. हे मात्र मीच केलंय."

मग तिनं पहिल्या टाकीचा नंबर सांगायला सुरुवात केली.